अंगणातली वाळू

तीर्थरूप बाबा,

आज छकुलीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं निम्म्याहून कमी झालंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात एवढी काळजी कोणी घेतली?" मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांनी."

बंद पडलेल्या खाणीजवळच्या ढिगाऱ्यातली ती राखाडी वाळू तुम्ही नातीला खेळायला आणलीत, हे खरं. पण गावात कोणी नाही आणली? शाळेच्या मैदानावरही तीच आहे. तिच्यात विष आहे, हे खाणवाल्यांनी जाताना कुणाला सांगितलंच नाही. आणि आपली पोरगी ती मुठी भरून तोंडात घालायची.

कळलं त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. तोंडाला फडकं बांधून, पाणी मारून सगळी वाळू उपसलीत. खालची मातीही काढलीत आणि लांबून चांगली माती आणून पसरलीत. गुडघे दुखत असताना रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसलीत. मी पोटुशी होते, म्हणून मला हात लावू दिला नाहीत. मग बाळ झालं आणि तुम्ही बॅग भरून धाकट्या भावजींकडे निघून गेलात. "छकुलीकडे बघवत नाही गं," एवढंच म्हणालात.

बाबा, माझी दोन्ही लेकरं आज हसतखेळत आहेत, ती तुमच्यामुळे. "आजोबा कधी येणार?" म्हणून छकुली माझं डोकं खाते.

हे पत्र काही मी टाकत नाही. वाचून तुम्ही न येण्याची सबब शोधाल. त्यापेक्षा रविवारी आम्ही सगळे दारात येऊन उभे राहतो. तान्ह्याला तुमच्या मांडीवर ठेवते, मग बघू कसे नाही म्हणता ते.

तुमची वाट बघणारी,
थोरली सून