सुखीबाईच्या गंजात मी मिसळलेल्या टांगा

मी, वामन पुंडलिकराव गावंडे, वय वर्षे ७२, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही, कोणी गोड बोलून गुंडाळलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. करायला हवं होतं, पण त्यात कलम ४ लिहावं लागलं असतं, म्हणून टाळत आलो.

१. पत्नी मैनाबाई २०१६ साली वारली. मुलगा अमर पुण्यात नोकरीला, मुलगी सुरभी आर्णीला सासरी. सव्वातीन एकर वावर दोघांना समसमान. अमरला ते विकायचं असल्यास त्यानं आधी सुरभीला विचारावं. तो आपणहून विचारणार नाही, बाप आहे म्हणून मला माहीत आहे.

२. राहतं घर अमरला. मात्र रस्त्याकडची खोली, नळ आणि मागच्या दारासह, सुखीबाई धावजी आडे, राहणार गावाबाहेरचा बंजारा तांडा, यांच्या मालकीची राहील. तिथं त्यांनी खानावळ घालावी की कुलूप लावावं, हा त्यांचा प्रश्न. ही मेहरबानी नव्हे. अमर, कपाळाला आठ्या घालण्याआधी कलम ४ वाच.

३. मायक्रोवेव्ह सुरभीच्या मुलीला, म्हणजे नात प्रेरणा हिला. ती शिकायला खोली करून राहते, तिच्या कामी येईल. पण यंत्रासोबत पुढचा मजकूरही तिनं वारसा म्हणून घ्यावा:

प्रेरणा, हे यंत्र पदार्थ आतून शिजवत नाही. तसं तुझे आजोबा गावभर सांगत फिरले, ते चूक. लहरी वरच्या बोट-दीड बोटापर्यंतच पोचतात, पुढची उष्णता हळूहळू आत सरकते. म्हणून तुकडे लहान आणि सारखे कर, पसरट भांड्यात एका थरात मांड, जाड बाजू काठाकडे ठेव. झाकण ठेव, पण वाफेला फट असू दे. निम्म्या वेळेला थांबवून हलव, तुकडे उलट. आतली काचेची थाळी फिरते आहे ना, हे डोळ्यांनी बघ. बंद झाल्यावर पाच मिनिटं तसंच राहू दे. कोंबडी असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता, तापमापक खुपस. पंचाहत्तर अंश भरल्याशिवाय कोणाच्या ताटात वाढू नकोस. तापमापक यंत्राच्या खोक्यात आहे. तो मी घेतला, पण फार उशिरा.

४. आता हकीकत. २०१८ च्या पोळ्याआधी अमरनं हे यंत्र पाठवलं. सोबतचं माहितीपुस्तक मी उघडलं नाही. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसानं पुस्तक वाचायचं म्हणजे काय! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला मी मित्रमंडळी जेवायला बोलावली. कोंबडीची भाजी सुखीबाईला सांगितली होती. त्या काळी नेरमध्ये करीला आणि नवसाला तिच्या हातची भाजी मिळावी म्हणून लोक महिनाभर आधी सांगून ठेवत. तिनं दुपारी बारा वाजता उकळत्या भाजीचं मोठं पातेलं, तिचा गंज, आणून ठेवला आणि आपल्या घरच्या करीला निघून गेली.

मला सुचली हुशारी. मी गुपचूप कोंबडीच्या आठ टांगा वेगळ्या आणल्या होत्या. त्या अख्ख्याच काचेच्या खोल चौकोनी भांड्यात एकावर एक रचल्या आणि यंत्र बारा मिनिटं लावलं. भांडं कडेला अडत होतं, थाळी फिरत नव्हती. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. काठाला रटरट उकळी दिसली. काठ शिजले म्हणजे मध्य आधीच शिजला असणार, हे माझं विज्ञान. त्या टांगा मी सुखीबाईच्या गंजात मिसळल्या. जेवणं झाल्यावर विचारणार होतो, ओळखा पाहू, चुलीवरचं कोणतं आणि यंत्रातलं कोणतं?

विचारायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सहा घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. पंजाबराव, माझा शेजारी आणि चाळीस वर्षांचा मित्र, चार दिवस दवाखान्यात सलाईनवर होता. माझ्या वाटीत सुखीबाईचे तुकडे आले होते, मला काही झालं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "भाजी बाहेरून करून आणली होती." शब्दशः खोटं नाही. मास्तर माणूस, शब्द बरोबर निवडतो.

पुढं माझ्याच ओसरीवर कोणीतरी म्हणालं, "तांड्यावरची बाई, हात तरी धुतले असतीन का?" मी चहा ढवळत बसलो. साखर कधीचीच विरघळली होती. त्यानंतर सुखीबाईला नेरमध्ये कोणी स्वयंपाकाला बोलावलं नाही. साठी ओलांडलेली ती बाई आज दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते. मी बाजारात तिला पाहिलं की रस्ता बदलतो. माझी मला शरम वाटते. सात वर्षं वाटते, आणि सात वर्षं मी तिच्यासाठी काही केलं नाही.

५. माझी धाकटी बहीण नलू हिला आईची पितळी परात. त्या आठवड्यात तिनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "दादा, मशीनचं पुस्तक वाचलं होतं का रे?" त्या प्रश्नासाठी मी तिच्याशी बोलणं टाकलं. दुखऱ्या जागी बोट लागलं की माणूस बोटावर चिडतो. नलू, मला माफ कर.

६. माझ्या तेरवीला हे मृत्युपत्र सर्वांसमोर मोठ्यानं वाचावं. तेरवीचा स्वयंपाक सुखीबाईनं करावा, आणि त्या सहा घरच्या लोकांनी तिच्या हातचं जेवावं.

७. कलम ६ रद्द. कारण असं:

साक्षीसाठी मी पंजाबरावला बोलावलं. साक्षीदारानं मजकूर वाचायलाच हवा असं नाही, पण त्यानं चष्मा लावून सगळा वाचला. कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मी सही करत नाही."

"काहून?"

"तू मेल्यावर तिले सांगणार? अन् शिव्या खाले तू राह्यशीन का तिथं? पोट मायं दुखलं होतं, वामन. चाल, ऊठ. आधी तिच्याकडे चाल."

तिची वेचणी चालू होती. आम्ही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहिलो. ती ओटीत कापूस घेऊन आली आणि मी सगळं सांगितलं. तिनं ओटी गाठोड्यात रिकामी केली.

"मले मालूम होतं, गुरुजी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी गंज न्याले आली होती ना मी. तळाशी आख्खी टांग होती, अन् हाडापाशी लाल. मायी टांग तोडलेली असते."

"मग बोलली काहून नाही?"

"तांड्यावरच्या बाईचं कोण ऐकते? तुमी सांगान म्हणून वाट पायली."

पंजाबरावनं मान फिरवली. मी खोलीचं बोललो. तिनं हात हलवला. "खोलीचं मंग पाहू. आता घेतली तं लोक म्हणतीन, मास्तरनं तोंड बंद कराले देल्ली. पयले लोकायले सांगा. घरोघर जाऊन सांगा."

त्या संध्याकाळपासून मी फिरतो आहे. कोणी हसलं, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, एका सूनबाईनं दार लावून घेतलं. आज सहावं घर झालं. खोलीचं कलम २ मी तसंच ठेवतो. घ्यायचं की नाही ते ती ठरवील.

नंतर पूर्ण मजकूर तिला वाचून दाखवला. कलम ४ तिनं दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, यात एक राहिलं. तिनं सांगितलं तसं साक्षीदारांच्या सह्यांखाली लिहिलं आहे.

ठिकाण : नेर, जिल्हा यवतमाळ
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार : वामन पुंडलिकराव गावंडे (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. पंजाबराव, शेजारी (सही)
२. धम्मरत्न, माजी विद्यार्थी, सध्या शिक्षक (सही)

"त्या आठ टांगा सोडून बाकी भाजी माया हातची होती, अन् चांगली झालती."
सुखीबाई धावजी आडे, डाव्या हाताचा अंगठा