बाहुल्यांची किमान ऊर्जा

१७ सप्टेंबर, तंजावूर
घरात देवनागरी माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. पुण्यात एम.एस्सी. केल्याचा एवढाच फायदा. म्हणून इथे खरं लिहितो: कॉलेजला माझी किंमत नाही. फिजिक्सच्या पद्धती कुठल्याही क्षेत्राला लागू पडतात, हे स्टाफरूममध्ये वर्षभर सांगतोय. लोक कॉफी पितात.
आता सिद्धच करणार. यंदाचा कोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची मांडणी, कॉम्प्युटर मांडणार! माझ्या बायकोची, श्रीविद्याची, आई मार्चमध्ये गेली. दर नवरात्रात ती पायऱ्यांवर मांडायची त्या सगळ्या बाहुल्या आता आमच्याकडे आल्यात. सोमवारी संध्याकाळी गल्लीतल्या बायका बघायला येणार. श्रीविद्या म्हणाली, आईच्या बाहुल्या आपल्या घरी नीट मांडलेल्या दिसू देत, बाकी काही नको. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

१८ सप्टेंबर
प्रत्येक बाहुलीचं वजन, उंची घेतली. तोंडावर नंबरचे स्टिकर. कीर्तना म्हणाली, अप्पा, पाट्टी तासाभरात मांडायची. आजीला कुठे फिजिक्स येत होतं! लेकीला पद्धत समजावली: कॉम्प्युटरमध्ये आधी सगळं भरपूर हलवायचं, मग सावकाश थंड करायचं, सर्वोत्तम रचना आपोआप सापडते. ती ट्यूशनला निघून गेली. आज ट्यूशन नसते.

१९ सप्टेंबर
स्टिकर काढताना मीनाक्षीच्या बाहुलीच्या नाकाचा रंग निघाला. किरकोळ. श्रीविद्याने ती पदराने पुसून परत ठेवली, म्हणजे तिला पटलं असावं.

२० सप्टेंबर, सकाळी ११
उत्तर आलं! किमान ऊर्जेची रचना: सगळ्या बाहुल्या जमिनीवर. गुरुत्वाकर्षण धरलं होतं ना. थिअरी निर्दोष आहे.
दुपारी: सूत्रात गुरुत्वाकर्षणाचं चिन्ह उलटं केलं. आता सगळ्या सर्वांत वरच्या पायरीवर. वैताग.

२१ सप्टेंबर, अमावास्या
आज एक तरी बाहुली पायरीवर ठेवायची रीत. श्रीविद्या आईची लाकडी राजा-राणीची जोडी घेऊन आली. मी अडवलं. सिस्टिम गरम असताना हात लावायचा नसतो. ती जोडी छातीशी धरून आत गेली. मला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

२२ सप्टेंबर, सोमवार, दुपारी ३
करंट गेला, लॅपटॉप बंद, सगळं पाण्यात. उद्या नक्की, असं सांगितलं. श्रीविद्या बरं म्हणाली. आदळआपट नाही. शेजारणीला, वासुकीला, बोलावलं आणि कीर्तनासह तिघींनी बाहुल्या साड्यांत गुंडाळून तिच्याकडे नेल्या. बरं झालं, आता शांतपणे काम होईल.

संध्याकाळी ७
आमच्याकडे कुणीच आलं नाही. डेटा म्हणून वासुकीकडे गेलो. दाराशी चपलांचा ढीग. खिडकीतून मांडणी दिसली. माझ्या सूत्राप्रमाणे अत्यंत चुकीची. दिसत छान होती, हे मान्य. आत बायकांच्या घोळक्यात, कोलूपुढे कुणीतरी गात होतं. काय आवाज! तिथेच ओट्यावर बसलो. वासुकीचा नवरा राममूर्ती सुंडलाचा, म्हणजे फोडणीच्या हरभऱ्यांचा, द्रोण घेऊन आला. विचारलं, कोण गातंय हो? तो हसला. मी खरंच विचारतोय हे ध्यानात आल्यावर हळूच म्हणाला, तुमची बायको.
आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली.