कमरेशी धरलेला पदर

नालासोपारा,
५ ऑगस्ट १९९८

ती. दादास,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि. फोन सासूबाईंच्या पलंगाशी असतो, म्हणून पत्र. वहिनीचे फणसाचे पापड ह्यांनी दोन दिवसांत संपवले. वजन वाढतंय ह्यांचं आणि ब्लडप्रेशर माझं!

थट्टा पुरे. सव्विसाव्या वर्षी तीन-तीन गोळ्या घेऊनही प्रेशर उतरत नाही. तुळिंजचे नवे डॉक्टर म्हणाले, अशात मूल नको, जिवावर बेतेल. मग विचारलं, आधी कसलं ऑपरेशन झालंय का. शेजारी सासूबाई. तोंडून निघालं, अपेंडिक्सचं. स्थळ आलं तेव्हा तूच तसं सांगितलंस आणि मला शपथ घातलीस. ह्यांना तर अपेंडिक्स कुठं असतं तेही ठाऊक नाही. डॉक्टर तपासत होते आणि मी पदर कमरेशी घट्ट धरून बसले. माझीच लाज वाटली. शपथ मोडू का? लगेच कळव.

तुझ्या मायेची,
उन्नती

चिपळूण,
१० ऑगस्ट

चि. सौ. उन्नतीस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचल्यापासून मान वर करवत नाही. किडनीचं ऑपरेशन म्हटलं असतं तर स्थळ फिरलं असतं, एवढंच तेव्हा दिसलं. मुतखडा काढताना रक्तवाहिनी दुखावली, टाके घालावे लागले, हे सर्जननी मला सांगितलं होतं. ते मी तुलाही कळू दिलं नाही. आजच्या आज सगळं सांग. बावीस तारखेला येऊन तुझ्या सासूबाईंचे पाय धरतो. माझ्यावर हवं तेवढं रागाव, गोळ्या मात्र चुकवू नकोस.

तुझा अपराधी,
दिनानाथदादा

नालासोपारा,
१७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. डॉक्टरांना सांगितलं. पाठीकडचा व्रण बघून त्यांनी कपाळाला हात लावला. तपासण्यांत दिसलं, टाके पडले तिथं किडनीची रक्तवाहिनी अरुंद झालीय. रक्त कमी पोचतं, म्हणून किडनीच प्रेशर चढवते. मुंबईला आतून फुगा घालून ती रुंद करतील. प्रेशर उतरलं की मुलाचंही बघू, म्हणाले.

घरी येऊन सासूबाईंपुढे रडले. त्या वाल सोलत होत्या. म्हणाल्या, अपेंडिक्स पाठीत असतं का कोनाचं? पयल्या दिवाळीला तुला तेल लावलं तवाच बगितलं. पन तुज्या भावाचा शबुद खाली पडू नये म्हनून गप बसले. मग हातातले वाल तसेच राहिले. डॉक्टर इचारत व्हता तवापन गप बसले, म्हणाल्या.

दादा, शनिवारी ये. पण पाय धरायचं मनातून काढ, असा त्यांचा निरोप आहे. तुझ्यासमोर मान वर कशी करायची, हे त्यांनाच कळत नाहीये.

वहिनीला नमस्कार. आहे तो लोभ राहू दे.
उन्नती