समोरून हेराल्ड

९ नोव्हेंबर
आज तीन धरल्या. तासगावच्या अलीकडं कॉफी रंगाची काँटेसा. विट्यात जुनी फियाट, वर कॅरिअरला कोंबड्यांचा खुराडा बांधलेला. मायणीच्या पुढं अँबॅसिडर, मागच्या काचेवर 'विकणे आहे'. दादानं एक पण नाही. म्हसवडला चहा त्याच्याकडनं. कप घेताना तोंड एवढं वाकडं, जणू मीच त्याच्या गाड्या पळवल्या.

खेळ आबांचा, आमच्या वडलांचा. जुनी गाडी दिसली की आधी 'धरली' म्हणेल त्याची. गाडी चालती पायजे, गॅरेजातली चालत नाही. आणि न बघता 'धरली' म्हणायचं नाही. आबा माधवनगरला गिरणीच्या मॅनेजरची हेराल्ड चालवायचे, आमी दोघं मागं बसायचो. दादा एकदा खोटं 'धरली' म्हणाला म्हणून आबांनी त्याला कवलापूरच्या फाट्यावर उतरवलं होतं. घरी चालत आला. तवापासून आमच्यात कोणी खोटं धरलं नाही.

म्हटलं, "दादा, डोळं मिटून चालवतोयस काय?"
"माझं ध्यान रस्त्यावर असतंय. तुज्यासारखं उंडारत नसतंय."

१३ नोव्हें.
फियाट, हिरवी, भिवघाट रोडला. मी धरली. दादा म्हणतो, "मी मघाच बघितली व्हती, म्हटलं तुला बोलू द्यावं." आला मोठा दानशूर.

कवठ्याला स्पीडब्रेकरवर गाडी तशीच नेली. मुल्लाणी चाचांचं डोकं टपाला बसलं. चाचा म्हसवडला बांगड्या विकतात, दर बाजाराला आमच्याच वडापच्या, सीटभाड्याच्या जीपनं जातात. म्हणाले, "शंकर, बांगड्या हायत रं, सळया न्हाईत." सगळे हसले. दादानं उगाच हॉर्न वाजवला.

१६ नोव्हें.
तासगावच्या पुढं एक बाई लेकरू घेऊन हात करत होती. दादा थांबला नाही. विचारलं तर म्हणे तिनं हात केलाच नाही. अख्ख्या गाडीनं बघितला.

घरी वहिनीला विचारलं. आधी टाळलं, मग म्हणाली, "भावजी, चहा कपाच्या भाईर वततात. चष्म्याचं नाव काढलं की ताट सरकवतात. तुमी बोलू नका, माज्यावर येईल."

म्हणजे दादाचे डोळे गेले. पुरते नाही, पण गेले.

वाईट वाटायला पायजे होतं. पहिल्यांदा मनात आलं ते स्टिअरिंग. गाडी दोघांच्या नावावर, लायसन दोघांचं, पण माझं खिशात वाळतंय. मी दाराला लोंबकळून 'विटा मायणी म्हसवड' ओरडायचं आणि साहेब सीटवर. का तर "तुजा हात जड हाय, दिल्या." चारचौघांत म्हणतो. माझ्या सासऱ्यासमोर म्हणाला होता. ते विसरलो नाही.

१८ नोव्हें.
आज केलं. मायणीच्या पुढचा सरळ रस्ता, समोर चिटपाखरू नाही. म्हटलं, "धरली. पांढरी फियाट."
दादा लगेच, "व्हय, लांबनंच दिसली मला. लय जोरात गेली."

दारातनं तोंड भाईर काढून हसलो. लय बरं वाटलं. इतक्या वर्षांचं सगळं निघाल्यासारखं.

२१ नोव्हें.
आता रोजच. पुढच्या सीटवरच्या दोघातिघांना सांगून ठेवलंय. आज म्हटलं, "धरल्या. दोन काँटेसा, एकामागं एक, हार घातलेल्या."
दादा म्हणाला, "वरातीला चालल्या असतील."
गाडीत हशा. दादापण हसला. कशाला हसतोय ते त्याला माहीत नव्हतं. त्यामुळं लोकं आणखीच हसली.

चाचा हसले नाहीत. उतरताना मला बाजूला घेतलं. "दिलीप, तो तुजा भाऊ हाय. आन् आमची मुंडकी आत असत्यात. सरळ बोल त्याच्याशी."
"बोलतो की चाचा."
नाही बोललो. मी काढून घेतली तर भावानं भावाची गाडी घेतली म्हणतील. आणखी थोडं. त्याचं त्यालाच लाजून किल्ली द्यावी वाटली पायजे.

२४ नोव्हें.
दादा म्हणाला, "दाराला नको थांबू, हितं माज्याजवळ बस."
वाटभर विचारत होता. पुढं ट्रॅक्टर हाय का बैलगाडी. म्हशी हाईत का. मी सांगत गेलो. विट्याला उतरल्यावर खांद्यावर हात टाकला. "तुजं तोंड चालू असलं की गाडी बरी चालतीया, दिल्या."
टोमणा असंल.

२७ नोव्हें.
म्हसवडच्या रथयात्रेची गर्दी सरली, गाडी निम्मी रिकामी. मोठी थाप राखून ठेवलीय. हेराल्ड. आबांच्या नंतर आमच्या दोघांत कुणालाच चालती हेराल्ड दिसली नाही. उद्या चाचा असतील, नेहमीचे असतील. हेराल्ड म्हणतो. 'मीच आधी बघितली' म्हटला की सगळ्यांदेखत विचारणार, दादा, रंग सांग. बघू काय सांगतो.

२८ नोव्हें.
लिहायला पायजे.

मायणी सोडली. वळणाला म्हटलं, "धरली. हेराल्ड, समोरून. आबांचीच जणू."

'मी आधी बघितली' म्हटलाच नाही. "खरं?" म्हणाला. लहान असताना म्हणायचा तसं. आणि तिला वाट द्यायला गाडी डावीकडं घेतली, अगदी कडंला, मान भाईर काढून. बघायला.

कडंला हौसाबाई बोरं घेऊन बसलेली. रोज तिथंच बसते. मी ओरडलो तवर चाक पाटीवरनं गेलं होतं, आणि तिच्या पायावरनं.

बोरं रस्ताभर. दादा खाली उतरून हातानं चाचपत होता, "काय लागलं रं? दगड हाय का?" चाचांनी त्याला धरून बाजूला बसवलं. मी तिथंच उभा होतो.

२९ नोव्हें.
विट्याच्या दवाखान्यात. हौसाबाईचा पाय गुडघ्याखालनं काढला. शुद्धीवर आल्यावर दादाकडं बघून म्हणाली, "हिरवंगार लुगडं नेसले व्हते मी. एवढी मोठी बाई दिसली न्हाई व्हय तुला?"
दादा हात जोडून उभा. तोंड तिच्याकडं नव्हतं, उशाच्या सलाईनकडं होतं.

हवालदारानं विचारलं, रस्ता मोकळा असताना डावीकडं का घेतली?
"समोरून हेराल्ड आली साहेब. तिला वाट दिली."
"हेराल्ड? कुठल्या जमान्यात हायस रं?" हसला तो. "पॅसेंजर म्हणत्यात काय आलंच न्हाई."
"माज्या भावानं बघितलीया. इचारा त्याला. आमी खोटं धरत न्हाई, साहेब."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चाचापण. म्हटलं, मला चक्कर येतीया. भाईर जाऊन बसलो. हवालदार म्हणाला, परवा सकाळी ये, जबानी दे.

३० नोव्हें.
गाडी चौकीत. किल्ली पोलिसांकडं. घरात किल्ली अडकवायचा खिळा मोकळा.

चाचा घरी आले. चहा नको म्हणाले. "मी पुढंच बसलो व्हतो. मला हेराल्ड दिसली न्हाई. तुला दिसली का?"
मी दाराची कडी काढत-घालत राहिलो.
"बरं," म्हणाले. "मी मला दिसलं तेवढंच सांगनार. तुजं तू बघ."

आली म्हटलं तर दादा सुटेल कदाचित. सुटला की गाडी सुटून आल्याबरोबर सीटवर बसेल, आणि पुढं कडंला कोण बसलेलं असंल देव जाणे. नाही आली म्हटलं तर केस त्याच्या डोक्यावर, लायसन गेलं, आणि स्टिअरिंग माझं. हेच पायजे होतं ना, दिल्या? घे मग. आणि तिसरं, खरं ते. हेराल्ड माझ्या तोंडातनं आली, मजा बघायला. ते हौसाबाईला सांगायचं? वहिनीला? तिनं ताटात भाकरी टाकली तर तिच्याकडं बघवलं नाही.

सूड उगवून काय मिळवलंस? नालायक. लय नालायक.

जेवायला दोघंच शेजारी बसलो. दादाचा हात दोनदा वाटीच्या बाजूला गेला, तिसऱ्यांदा मी वाटी सरकवली. त्याला कळलं, मलाही. वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाला, "दिल्या, एक सांग. उद्या चौकीत मला परत इचारतील."

"काय?"

"हेराल्डचा रंग कुठला व्हता रं?"