खांद्याचं मशीन

२ मे

लेकीने, भैरवीने मशीन आणून दिलं. शॉकवेव्ह! मला वाटलं करंट बसणार. करंट नाही, हातोडी आहे ती — बारीक. केस वाळवायच्या ड्रायरसारखी मूठ, पुढे गोल टोक. जेल लावून खांद्यावर धरायचं. ठक ठक ठक ठक.

पत्रकात 'टेंडन' लिहिलंय. शब्दकोशात पाहिलं — कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. माझी उजव्या खांद्याची दोरी झिजली. हात कानाच्या वर जात नाही, वेणी घालता येत नाही. शेवटची दोन वर्षं त्याच खांद्याने ह्यांना कुशीवर वळवलं. लकव्याने वाचा गेली होती. कूस बदलायची असली की पलंगाच्या लोखंडी दांड्यावर अंगठी वाजवायचे. मी जायची.

फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "आठवड्यातून एकदाच, काकू. रोज लावाल तर हात कायमचा जाईल."

४ मे

मॅडमनी दुखऱ्या जागी पेनाने खूण केली होती, ती आंघोळीत गेली. कपाटात टिकल्यांचं जुनं पाकीट सापडलं. एक खांद्यावर लावली. वरच्या मजल्यावरची गोपिका विरजण मागायला आली अन् हसतच सुटली — "काकू, तुमचं कपाळ खाली घसरलं काय वं!" मग एकदम जीभ चावली. मग मीच हसले.

९ मे

दुसऱ्यांदा लावलं. मशीन थांबवलं तर आतल्या खोलीतून आवाज. लोखंडावर धातूचा. कूलर धडधडत होता, त्याचाच असेल.

१० मे

आजची पाळी नव्हती. तरी लावलं — कूलर बंद करून. मशीन थांबलं आणि आतून — ठक.

त्या आवाजात घाई नव्हती. ह्यांना कधीच घाई नसायची.

आत गेले. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. भर दुपारी घरातली भांडीसुद्धा तापतात. दांडा गार होता.

११ मे

आज पण!

१५ मे

रोज लावते. खिडक्या बंद, कूलर बंद, घाम पुसत बसते. खांदा काळानिळा पडलाय. चहाचं पातेलं हातातून सुटलं. मॅडम काय म्हणाल्या ते मी विसरले नाही.

फक्त काल मशीन न लावता नुसती बसून राहिले. आतून काहीच नाही. संध्याकाळपर्यंत काही नाही. म्हणजे हात वाचवायचा तर त्यांना हाक मारू द्यायची नाही. हे कसं करू?

१८ मे

भैरवी न सांगता आली.

"आई, कूलर काहून बंद वं? मरशीन ना अशानं!"

मग खांदा पाहिला. "रोज लावून राहिली तू?"

खरं ते सांगितलं. "बाबा वाजवतात."

"लोखंड हाय ते. मशीनच्या धक्क्यानं घुमत असन."

"मशीन थांबल्यावर?"

ती उठली. मशीन पिशवीत कोंबलं. "माझी टाच दुखते, मीच लावीन आता. तुले नाही भेटत हे." जिन्यात रडल्याचा आवाज आला. बिचारी! तिचे पण बाबाच ना.

२३ मे

काळेपणा उतरला. वेणी अर्धी घालता आली. आत सगळं शांत. कूलर लावतच नाही, दार उघडं ठेवते. अर्ध्या जेवणातून उठून आत बघून येते — त्यांना कुणी वळवत नसेल. पाठ सोलवटली तर?

२५ मे

सकाळी भैरवीचा फोन. टाचेला मशीन लावलं होतं म्हणाली. मग अगदी हळू आवाजात — "आई, माझ्या इथं तर लोखंडी पलंगच नाही वं."

मी म्हटलं, "भिऊ नको. उठ. खांदा लाव अन् बाबाले कुशीवर वळव. किती दिवसाचे एकाच अंगावर आहेत."