जीपला दम का लागतो

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
खताच्या दुकानदारानं दिलेली डायरी कोरीच पडली होती. आजपासून म्या सांगणार, सून दैवशाला लिहिणार. तिला बजावलंय, लिहायचं, वाचायचं न्हाय. ती म्हणाली, आत्याबाई, मग लिहिताना डोळे मिटू का? म्हणलं, तेबी लिही.
आज जीप धुतली. पंचवीस वर्षांची हाय, गुडघे माझ्याहून बरे. मालकांनी घेतली तवापासून ड्रायवरशेजारची म्होरली सीट माझी. मालक गेले, सीट राह्यली.
हार घातला, नारळ फोडला. यंदा जीपची ओटीबी भरली. लेकीसुनांची भरतो, मग हिनं काय पाप केलं? ल्योक अमरसिंह हसत रानात गेला, म्हणून म्या एकटीनंच बॉनेट उघडलं. डाव्या अंगाला दोन तोंडं हायेत, एक मोठं, एक बारकं. जणू ओटीसाठीच ठेवल्यात. मोठ्यात खण बसवला. बारक्या नळीत हळकुंड, अगदी मापाचं. सुपारी, खारीक, तांदळाची पुरचुंडी कडेनं. वरनं पिवळं फडकं, त्याला लाल नाडा.
कार्तिकी पुनवेला ही ओटी तुळजापूरला आईच्या पायाशी ठेवायची. तवर कुणी हात लावायचा न्हाय.

१४ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी.
ओढ्याच्या चढाला जीप दमली. दुसऱ्या गेरात आली, मग पहिल्या, मग जागेवर थरथरायला लागली. मागनं काळा धूर. शेजारच्या दगडोबाची बैलगाडी आमच्या अंगावरनं म्होरं गेली. वर इचारतो कसा, वैनी, कासरा देऊ का बांधायला?
माझं निदान: अमरसिंहाचं ड्रायविंग. क्लचवर पाय ठेवून बसतो, जेवायला पाटावर बसल्यावानी. तोंडावर सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांचा हाय, तरी रुसला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.
अंगणात तेलाचा डाग. कालच सारवलं होतं. पहिल्यांदा रुपायाएवढा, दुपारी भाकरीएवढा.
निदान: ऑइल पातळ हाय. अमरसिंहानं कुठलं तरी सवंग आणलं असणार. तो म्हणतो, दर साली तेच घालतोय. दर सालीचं मला सांगू नको म्हणलं.
जीपखाली परात ठेवली. ती पिठाची हाय म्हणून दैवशाला फुगली. फुगूनच लिहितीय. अक्षर मोठं आलंय, मला दिसतंय.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
अमरसिंह चहा पिताना बोलला. कार्तिकी पुनवेला जीप तुळजापूरचा चढ चढली तर ठीक. न्हाय चढली तर भंगारवाला बोलावणार. नवी गाडी बघून आलाय. काचा बंद, आत गारवा.
त्यात म्या कुठं बसायचं?
मागं, आई. आरामात.
म्हंजी सामानासंगं. नवऱ्याच्या शेजारी पंचवीस... न्हाय, ते खोड. खोडलं का? बरं.
ठराव: पुनवेच्या आत जीप म्या बरी करणार. आवाजावरनं रोग वळखते. आमच्या म्हशीचा वळखायचे, डॉक्टर यायच्या आत.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
लोहाऱ्याचा गौरीशंकर मिस्त्री आला. बापबी मिस्त्रीच होता, घराणं चांगलं. त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल साफ केली. फरक शून्य. मग म्हणाला, आज्जी, आता हवेचा फिल्टर बघतो. हे पिवळं फडकं सोडू?
म्हणलं, आईची ओटी हाय. सोड, आन् काय व्हायचं ते तुझ्या घरी होऊ दे.
त्यानं कान धरले. पर पुटपुटला, हवा न्हाय मिळाली तर इंजिन वढणार कसं?
म्हणलं, हवा साऱ्या शिवारात हाय, तुला ह्या फडक्याखालीच गावती व्हय?
त्यानं पाने पिशवीत भरले. ज्ञान कमी हाय, पर पोरगं वळणाचं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार.
वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. तिथलं तेल थांबलं. म्होरल्या सीलमधनं सुरू झालं. म्होरलं सील बदललं. मागल्यातनं सुरू झालं. एक बीळ बुजवावं तर उंदीर दुसरीकडनं हसतो.
गौरीशंकर म्हणाला, ब्रीदरची नळी बघायला पायजे, म्हंजी इंजिन ज्यातनं श्वास सोडतं ती. कुठं असती ती? त्यानं बोट केलं ते पिवळ्या फडक्याकडं. ह्याला दुसरी जागाच दिसत न्हाय. ध्यान लागलंय त्याचं तिकडं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार.
दिवाळीची रांगोळी उरली. डोकं चाललं. इंजिन पुसून कोरडं केलं, त्यावर रांगोळी भुरभुरली. जिथं ओलं होईल तिथनं गळती. गौरीशंकर म्हणाला, आज्जी, आमी पावडर मारतो, पर रांगोळी पहिल्यांदाच बघतोय. म्हणलं, बघून ठेव.
अर्धा तास चालू ठेवली. पाच जागी ओली झाली. पाच! फकस्त पिवळ्या फडक्याच्या आसपास एक थेंब न्हाय. सारं इंजिन गळतंय, ओटी कोरडी. आणखी काय परमाण पायजे? देवी राखण करतीय, माणसं नासधूस करत्यात.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज. रात्री आठ वाजता.
भावाकडं निघालो. वेशीपर्यंत पोचायच्या आत बॉनेटमधनं ठप्प आवाज. ऑइल मोजायची कांडी आपणहून उडाली, तेल काचेवर. अमरसिंहानं वायपर लावला, मग तर काहीच दिसंना. भाऊ मोटरसायकलवर आला, ओवाळून गेला. मिशीत हसला.
घरी येऊन देवीच्या परडीवर हात ठेवला. अमरसिंह, दैवशाला, गौरीशंकर, तिघांच्या देखत बोलले: ज्यानं माझ्या जीपला हात लावून हिची ही गत केली, त्यानं जन्मभर मागच्या बाकड्यावर बसावं. म्होरल्या सीटला पाठ लावू नये.
दैवशाला म्हणाली, आत्याबाई, शपथ जरा सैल घ्या. म्हणलं, तुला का खटकतंय?

७ नोव्हेंबर, गुरुवार.
संशयित.
एक, दैवशाला. सोयाबीनची पोती लादती.
दोन, दगडोबा. बैलगाडी म्होरं काढल्यापासून लई ताठलाय.
तीन, गौरीशंकर. पाचव्यांदा आला. कुणी रोग बरा करायला पाचदा येतं का?
चार, अमरसिंह. नवी गाडी पायजे त्याला.
दैवशाला इचारती, पाचवं कोण? पाचवं कुणी न्हाय. लिही पुढं.

११ नोव्हेंबर, सोमवार.
पुनव चार दिवसांवर. ओढ्याच्या चढावर परीक्षा घेतली. निम्म्यात थांबली. उलट्या गेरात खाली आलो. म्या म्होरं बसून सगळ्यांना रामराम केला, जणू असंच यायचं होतं.
गौरीशंकर मातीत उकिडवा बसला. म्हणाला, आज्जी, तुमच्या पाया पडतो. ह्या इंजिनचं नाक दाबलंय. आत घ्यायला हवा न्हाय म्हणून वढत न्हाय, धूर करतंय. आतला दाब भाईर जायला वाट न्हाय म्हणून गावल तिथनं तेल ढकलतंय. कांडी त्यामुळंच उडाली.
म्हणलं, कुणी दाबलं नाक? नाव सांग.
तो माझ्याकडं बघत राह्यला. मग फडक्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं. बोलला न्हाय. पुराव्याबिगर बोलणारी माणसं मलाबी आवडत न्हाईत.
अमरसिंहानं भंगारवाल्याला फोन केला. शनिवारी येतो म्हणाला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी.
ओटी काढायचा दिस. उद्या न्यायची तर आज सोडायला पायजे. ठराव: ओटी म्या काढणार. मग गौरीशंकरानं खुशाल फिल्टर बघावा, त्याची हौस फिटू दे.
आंघोळ करून नाडा सोडला. खारीक निघाली. सुपारी निघाली. तांदळाची पुरचुंडी तेलानं काळी. खण वढला. येतोय, येतोय, संपंना. दसऱ्याला हिरवा घातला होता, कोळशावानी निघाला. जीपनं अर्धा आत वढून घेतला होता. हळकुंड काही निघंना. गौरीशंकरानं पक्कड लावली. निघालं तसं नळीतनं फुस्स झालं, महिनाभर दाबून धरलेलं उसासल्यावानी.
अमरसिंहानं चावी फिरवली.
लई दिसांनी तो आवाज. मालकांच्या वक्ताचा.
परातीत थेंब पडंना. पाच मिनटं, दहा मिनटं. गौरीशंकर हळकुंड पुसत बसला, अमरसिंह आभाळाकडं बघत. दगडोबा कुंपणावरनं वाकून इचारतो, काय निघालं, वैनी? म्हणलं, हवा.
माझं निदान: नळीची तोंडं नको तिथं केल्यात. ज्यानं जीप बनवली त्याची चूक.
दैवशालानं हे लिहिलं. मग पेन ठेवून देव्हाऱ्याकडं बघितलं. परडी तिथंच हाय.
भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन झाला. तेवढं बरं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. पुनव. तुळजापूर, धर्मशाळेतनं.
चढ तिसऱ्या गेरात चढली. धूर न्हाय, धाप न्हाय. ट्रॅक्टर मागं टाकला, सोलापूरची एक बसबी. आईपुढं नवा खण ठेवला. जुना दाखवायची लाज वाटली.
निघताना अमरसिंहानं म्होरलं दार उघडून धरलं. म्हणाला, बस आई, कोण बघतंय? म्या परडीचं नाव घेतलं आन् मागं चढले. आडवं बाकडं, शेजारी नारळाचं पोतं. म्होरली सीट मोकळी कशी न्यायची, म्हणून दैवशाला बसली. लग्नानंतर पहिल्यांदा. पदर दोनदा सारखा केला.
मागनं निसता गेल्याला रस्ता दिसतो. येणारा कळत न्हाय. दोनदा हाका मारून इचारलं, दैवशाले, म्होरं काय दिसतंय गं?
म्हणाली, रस्ताच की, आत्याबाई.