स्वखुशीने हद्दीत

३ मार्च

"शहर म्हणजे कुडझूचा वेल. त्याला बोलवायला जायचं नसतं. नुसतं एका जागी उभं राहिलं की तोच अंगावर चढतो."

आईचं वाक्य. मी दहा-अकरा वर्षांची असेन. शेताच्या कडेला उभ्या राहून आम्ही दोघी शहराच्या पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा बघत होतो आणि मी म्हटलं होतं — मला तिथे राहायचंय. मग तिथेच राहायला गेले, नगरनियोजन शिकले, आणि इतकी वर्षं त्या वेलाला मांडव घालायचंच काम करते आहे. पगार घेऊन!

आज ते आठवलं, कारण बाबांचा फोन आला. "रेनी, अंगणातलं गवत बघायला ये. मार्चमध्ये असं हिरवं गवत सबंध काउंटीत कुणाकडे नसेल."

गेले. गवत खरंच हिरवंगार. पाय ठेवला तर बुटात पाणी शिरलं. मग वास आला. सेप्टिक टाकी भरून वर आलीय आणि बाबा अभिमानाने पाहुण्यांना तेच दाखवताहेत.

९ मार्च

काउंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. नवा शोषखड्डा नामंजूर. लाल चिकणमाती, पाणी मुरतच नाही. शहराच्या ड्रेनेजला जोडून घ्या, नाहीतर घर राहायला अयोग्य म्हणून जाहीर होईल. तसा कागद दारावर आजच चिकटवायचा होता म्हणे. चिकटवला नाही. बाबांनी त्याला पीच कोबलर खाऊ घातलं, त्याचा परिणाम असावा.

ड्रेनेजची लाईन आमच्या समोरच्याच रस्त्यातून जाते. 'पेकान ग्रोव्ह' कॉलनीसाठी टाकलेली. तिथली पेकानची झाडं तोडून कॉलनी बांधली आणि मग तिला झाडांचं नाव दिलं. मंजुरीच्या फाइलवर सही माझी आहे. नाव मी ठेवलेलं नाही, एवढंच समाधान.

पण शहर हद्दीबाहेरच्यांना ड्रेनेज देत नाही. आधी मालकाने अर्ज करायचा — मला स्वखुशीने तुमच्या हद्दीत घ्या. तो शब्द अर्जाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत आहे. बाबांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही खुशी कुणाची गं?"

१४ मार्च

बाबा सही करत नाहीत.

मला वाटलं, कराचं कारण असेल. किंवा कोंबड्याचं. शहरात कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. (हे लोकांना गंभीर चेहऱ्याने समजावून सांगायचं काम माझंच.) "त्याचं काही नाही," बाबा म्हणाले, "तो तसाही आगाऊ आहे. एखाद्या रविवारी डंपलिंगच्या पातेल्यात जाईल."

कारण वेगळंच. आई.

आई घरामागच्या पेकानखाली आहे. चर्चच्या मागे तिला नको होतं. "तिथे लुसिल आधीच जाऊन पसरलीय. जन्मभर चर्चच्या गायकवृंदात तिच्या शेजारी उभी राहून गायले, आता कयामतीपर्यंत तिच्या शेजारी पडायची नाही!" मग आम्ही तिला घरीच ठेवलं. काउंटीत स्वतःच्या जमिनीत दफन करता येतं. शहरात येत नाही. असलेली कबर राहते, नवी करता येत नाही. बाबांना कलम पाठ आहे.

"म्हणजे बघ," ते म्हणाले, "जिवंतपणी हिच्याजवळ राहायचं तर सही करायची. मेल्यावर हिच्याजवळ राहायचं तर सही करायची नाही. तुमच्या हापिसातल्या कुठल्या हुशाराला सुचलं हे?"

मी कॉफी ओतत राहिले.

१५ मार्च

ऑफिसच्या नकाशावर शहर पिवळं, बाजार लाल, बागा हिरव्या. आमचं शेत पांढरं. पांढरं म्हणजे — अजून आपलं नाही.

२१ मार्च

बाबांची मुलगी म्हणून त्यांची फाइल मला हाताळता येणार नाही. टाउन मॅनेजर हॉलोवेलसाहेबांनी ती स्वतःकडे घेतली. मी नुसतं विचारून पाहिलं — झाडाखालचा तुकडा तेवढा वगळता येईल?

ते खो खो हसले. "रेनिटा! 'शहर म्हणजे डोनट नव्हे, मध्ये भोक ठेवायला' — दर वर्षी प्रशिक्षणात हे कोण सांगतं? वर डोनटचं चित्रसुद्धा असतं!"

मीच सांगते. लोक हसतात. आणि ते खरंही आहे. भोकातल्या घराला आग लागली की बंब कुणी पाठवायचा यावर दोन खाती फोनवर वाद घालत बसतात. घ्यायची तर अख्खी जमीन घ्यायची, हा नियम मी भांडून करून घेतला. आजही भांडेन.

"आपण असं करू," साहेब म्हणाले, "शहराच्या दफनभूमीत शेजारी-शेजारी दोन जागा देऊ. आईंना तिकडे हलवू. सन्मानाने." मनापासून म्हणत होते. चांगला माणूस आहे. त्यामुळे चिडताही येत नाही.

बाबांना हे सांगायचं नाही असं ठरवलं.

२२ मार्च

सांगितलं.

"हलवायचं? अगं, जिवंत होती तेव्हा तिला कुणी सोफ्यावरून हलवू शकलं नाही!"

२ एप्रिल

संडास पूर्ण बंद. बाबांना माझ्याकडे घेऊन आले. तिसरा मजला, खाली बेकरी. दिवसभर खिडकीशी टोपी मांडीवर घेऊन बसतात, बसस्टॉपवर बसल्यासारखे.

"इथे मातीचा वास येत नाही," ते म्हणाले. "पावाचा येतो. तोही चांगलाच आहे म्हणा."

मग अर्ज मागितला आणि सही केली. "बघू तर खरं काय म्हणतात तुमचे लोक. कौन्सिलच्या मतदानाआधी मागे घेता येतो ना?"

"येतो."

"आणि तुझी जागा कुठे?"

"ही काय, हीच."

"ही भाड्याची. मी कायमची विचारतोय."

"बाबा! मी सेहेचाळीसची आहे!"

"तुझ्या हापिसात पुढच्या वीस वर्षांचा नकाशा लावलाय ना भिंतीवर? त्यात तू कुठे आहेस, एवढंच विचारलं."

मी दूध आणायला खाली गेले. दूध घरात होतं.

१९ एप्रिल

सुनावणीचा पिवळा फलक आमच्या जमिनीवर लागला. रस्त्यालगत, नियमाप्रमाणे. आज बाबांना घरी घेऊन गेले तर फलक जागेवर नाही! मागे जाऊन बघते तर त्यांनी तो उपटून पेकानखाली रोवलेला, तोंड आईकडे करून, आणि मोठ्याने वाचून दाखवताहेत. तारीख, वेळ, हरकती कुठे पाठवायच्या, सगळं.

"बाबा, तो रस्त्यावरून दिसायला हवा. कायदा आहे."

"मालकाला नोटीस मिळायला हवी, हाही कायदा आहे. निम्मी मालकीण इथे आहे."

सोमवारी ऑफिसातून दुसरा फलक नेऊन रस्त्यालगत लावीन. पहिला तिथेच राहू दिला.

६ मे

सुनावणी झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी शेवटच्या रांगेत, प्रेक्षक म्हणून. इतकी वर्षं पुढे बसते, मागून कौन्सिल किती लहान दिसतं!

आधी पेकान ग्रोव्हच्या एक बाई उठल्या. त्यांची हरकत कोंबड्याला. पहाटे आरवतो, शहरात आल्यावर थांबेल ना?

बाबा मागे वळून अदबीने म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही काळजी करू नका. तो आता रविवारपर्यंतच आहे." हशा.

मग त्यांची पाळी. आईच्या अंत्ययात्रेला घातलेला सूट घालून आले होते. कागद वगैरे नाही.

"मला एकच विचारायचंय. मी आत येतोय. घर येतंय. कोंबड्या येताहेत. माझी बायको जमिनीतच आहे. ती येते का?"

शहराच्या वकिलांनी चष्मा काढला. "जमीन येते, म्हणजे... हो. येतात."

"बरं झालं. म्हणजे ती आली, मी आलो. पण मी मेलो की मला तेवढं बाहेर काढणार. मग आत घेताय कशाला?"

वेळ संपल्याचा दिवा लागला. बाबांनी त्या दिव्याला मान लववली आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. कौन्सिलमधल्या एका बाईंनी डोळे पुसले आणि मतदान वीस तारखेपर्यंत पुढे ढकलायची सूचना मांडली. "मिस्टर पेटिफोर्ड, तुम्हाला फार घाई नाही ना?"

"मला नाही. माझ्या टाकीला आहे."

सगळे येऊन हात मिळवून गेले. नियम कुणी बदलणार नाही. कौन्सिलला मी ओळखते. डोळे पुसून झाले की हात नियमाच्याच बाजूने वर होतात.

१३ मे

सकाळी बाबांना घरी नेलं. थर्मासमध्ये कॉफी. पेकानखाली त्यांची खुर्ची अजून तशीच आहे. बसले. एक घोट घेतला. मग उरलेल्यातली थोडी आईच्या बाजूला ओतली. तिला दोन चमचे साखर लागायची म्हणून थर्मास गोडच भरायला लावतात. स्वतःला डायबेटिस!

"अर्ज मागे घेत नाही मी," ते म्हणाले.

मी थर्मासचं झाकण लावलं.

"मेल्यावर कुठे पडलोय ते मला कळायचं नाही. सकाळी इथे बसतो ते कळतं. मला घरी यायचंय, रेनी. तुझं घर छान आहे. पण मला माझ्या घरी यायचंय."

कुंपणावरून एक कुडझूचा शेंडा आत आला होता. त्यांनी तो न चिडता सोडवला आणि पलीकडे टाकला. मग आईशेजारची मोकळी जमीन चपलेने जरा सारखी केली.

"ही जागा वाया जाणार, एवढंच वाईट वाटतं. चांगली सावली आहे."

१९ मे

उद्या मतदान. लेखी म्हणणं देण्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती. ऑफिसच्या खिडकीत रांगेत उभी राहिले, बाहेरच्या बाजूने. हुद्दा लिहिला नाही, नुसतं नाव. काउंटरवरच्या मुलीने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. नकाराचं उत्तर काय येईल ते शब्दन्‌शब्द माहीत आहे. तो मसुदा माझाच आहे.

तरी लिहिलं — पेटिफोर्ड यांच्या जमिनीतला पेकानच्या झाडाखालचा तुकडा कृपया हद्दीबाहेर ठेवावा. शहराला तेवढं एक भोक असू द्यावं. दोन माणसांपुरतं नको. तीन.